कमरेइतकं

गंगापूर रोडच्या हॉटेलात, गार हवेत बसवून
कंपनीच्या तरुणाने पडद्यावर आकडा दाखवला :
शंभरातली एक्याण्णव यंत्रं आमची.
म्हणजे, तो म्हणाला, प्रमाण आम्हीच.
आता फक्त सह्या करा.
समोर कोथिंबीरवडी होती. मी खाल्ली.
खोटं कशाला बोलू, चांगली होती.

मी कुमुदिनी गायधनी. रविवार कारंजाच्या मागे
एकतीस वर्षं टंकते आहे :
लग्नपत्रिका, जामिनाचे अर्ज, दशक्रियेचे निरोप,
द्राक्षपेट्यांवरच्या चिठ्ठ्या.
सुरुवातीला दुकानागणिक कळफलक निराळा.
माझा क हबीब कोकणींच्या प्रेसवर पोचेपर्यंत
डॉलर व्हायचा.
एकदा 'चि. सौ. कां.'च्या जागी
नुसत्या टोप्या आणि उलटी प्रश्नचिन्हं,
दोनशे प्रती,
आणि मुलीचे वडील दारात, रडकुंडीला आलेले.

तेव्हा हीच कंपनी आली.
तिने समितीची वाट पाहिली नाही.
(समिती अकरा वर्षं बसली होती
'दऱ्या'तला र कुठे ठेवायचा यावर;
चहाचं बिल मात्र वेळेवर निघायचं.)
कंपनीने एका रात्रीत ठरवून टाकलं. आम्ही सुटलो.
हे मी विसरलेले नाही.
आज जे गप्प बसले, तेही विसरलेले नसावेत.

पण संगणकाच्या पाठीत एक कुलूप खोचलेलं असायचं,
अंगठ्याएवढं, राखाडी.
ते हाललं की माझी सगळी मराठी मुकी.
पुढे नवी आवृत्ती आली, आणि यंत्राच्या पाठीवरून
कुलपाचं भोकच गेलं.
वाचनालयाच्या सतरा स्मरणिका,
हबीबभाईंनी जाण्याआधी सांगितलेला
कोकणीपुऱ्याचा घराघराचा हिशेब,
सगळं आहे, डबीत, आहे तिथेच.
उघडलं की टोप्या.
फोन केला तर बाई गोड आवाजात म्हणाली,
ते आता आम्ही प्रमाण मानत नाही.

आणि आमचा पाकळीचा ल,
आमचा देठाचा श,
त्यांच्या यादीत 'पर्यायी रूप',
तळाशी, बारीक अक्षरात.

तांबट आळीत रंगनाथ पितळी मापं घडवायचा.
हातोडी त्याची, शिक्का त्याचा नव्हे.
शिक्क्याचा साहेब सहा-सहा महिने फिरकायचा नाही,
आला तर पाकीट घेऊन जायचा.
रंगनाथ त्याला मनसोक्त शिव्या घालायचा,
पण स्वतःचा शिक्का त्याने कधी मारला नाही.
का, म्हटलं, बाजाराचा तर तुझ्यावर विश्वास आहे.
"म्हणूनच की," म्हणाला,
पुढचं ठोक्यांत बुडालं.

चहाच्या वेळी मी त्या तरुणाला गाठलं.
गाव कुठलं? इथलाच, पंचवटीचा.
मग पूर किती आला, हे तुझी आई कसं सांगते?
तो हसला. दुतोंड्या मारुतीच्या कमरेइतकं पाणी, म्हणाला.
छातीशी आलं की सराफ दुकानं रिकामी करतात.
कुणी ठरवलं हे?
त्याला माहीत नव्हतं. मलाही नाही.
एक तोंड इकडे, एक तिकडे,
आणि स्वतः उभा त्याच पाण्यात, रे,
पहिला भिजणारा तोच.
तुमचं प्रमाण कुठे उभं असतं?

हे शेवटचं खरं तर मी विचारलं नाही.
कुणीतरी त्याला फोटोसाठी ओढून नेलं होतं.

सहीचा कागद पर्समध्ये आहे, चारदा घडी घातलेला.
घरी जाताना होळकर पुलावर रिक्षा अडकली.
पाणी उतरलं होतं. मारुतीच्या गुडघ्यावर
गाळाची ओली रेघ, अजून कुणी न पुसलेली.

उद्या नऊला शेवाळे वकिलांचा अर्ज, चार पानी.
तो मी कंपनीच्याच अक्षरांत करीन,
दुसरी आहेत कुठे माझ्याकडे.
फक्त ल आला की थांबेन,
हाताने बदलीन.
चार पानांत किती ल असतात,
आजवर मोजले नव्हते.